भिंगरीची हाळी

पेठ वडगाव
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५
सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

आदरणीय गुंडूमामा,

फराजचा सलाम. मामींनाही सांगा. आत्ता मी दुकानात एका गादीला दाभणाने टाके घालत होतो, ते अर्धे सोडून लिहायला बसलो आहे. तुमच्या गोठ्यातली ही कुत्री, भिंगरी, टेबलाच्या पायाला बांधलेली आहे आणि मुद्दाम माझ्याकडे पाहत नाही. तिला बांधून घ्यायला आवडत नाही आणि मला बांधायला आवडत नाही, पण शनिवारी जे झाले त्यानंतर दुसरा इलाज राहिला नाही.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर ओरडून बोलता येत नाही, म्हणून पत्र. तुमचा जोतीराम दर सोमवारी पेंडीचा टेम्पो घेऊन इथल्या बाजाराला येतो. संध्याकाळी परत निघताना त्याच्याकडे हे देतो. उत्तर त्याच्याच हाती पाठवा.

आमच्या गल्लीत शालूबाई राहतात. अंगणवाडी चालवतात. शनिवारी त्या स्कूटीवरून घरी येत होत्या. भिंगरी दुकानाच्या पायरीवर झोपली होती. गाडीचा आवाज आला तशी ती उठली आणि गाडीमागे पळत सुटली. भुंकली नाही, चावली नाही, नुसती पळाली. शालूबाईंनी घाबरून मागे पाहिले आणि गाडी गटारीच्या कठड्याला लागली. उजव्या मनगटाचे हाड मोडले. मी त्यांना दवाखान्यात नेले. रिक्षात त्या मला म्हणाल्या, "फराज, चावली असती तर निदान सांगायला बरं होतं रे. नुसती पळाली म्हणून पडले, हे लोकांना सांगू कशी?"

रविवारी गल्लीतली चार माणसे दुकानात आली. मे महिन्यात मी तिला कोल्हापुराहून आणले तेव्हापासून भिंगरी अशीच सगळ्या गाड्यांमागे पळते, हे त्यांनी अब्बांना सांगितले. मला ते माहीत होते. मी घरात बोललो नव्हतो. अब्बांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "दसऱ्यापर्यंत सुधारली तर बघू. न्हाईतर जोतिबाच्या डोंगरावर सोडून ये. येणारी माणसं खोबरं टाकतात, उपाशी मरायची न्हाई."

अब्बा निर्दयी नाहीत, मामा. पण त्या घाटात दिवसभर किती गाड्या चढतात-उतरतात, हे त्यांच्या लक्षात आलेले नाही. तिथे ती एक दिवसही जगणार नाही.

म्हणून विचारतो. लहानपणी तिला गाडीने ठोकरले होते का? कुणी गाडीवाल्याने मारले होते का? काहीही आठवत असेल ते कळवा.

आपला
फराज

*

कोल्हापूर
रविवार

पोरा फराज,

तुझं पत्र पोचलं. अक्षर बघून तुझी मामी घाबरली, म्हणाली सरकारी कागद आलाय जणू.

तिला मारलंबिरलं कुणी न्हाय. माझ्या गोठ्यात जनावरावर हात उचलणारा अजून जन्मायचा हाय. गाडीनं पण कधी लागलं न्हाय. चांगली खात्यापित्या गोठ्यातली कुत्री हाय ती. तू वरच्या खोलीत भाड्यानं ऱ्हायलास तवापास्नं तुझ्या दारात झोपायला लागली, म्हणून तू जाताना टेम्पोत चढली, न्हाईतर आमी कशाला देतो.

मला वाटतं तिला म्हशींची आठवण येत असंल. तुमच्या गल्लीत कुणाची म्हस हाय का बघ. दोन-तीन तास तिच्यापाशी बांध. शेणाचा वास आला की बरं वाटंल तिला. आनि गाडीमागं पळाली की बादलीभर पानी मार. भिजली की विसरती.

आनि त्या शालूबाईस्नी म्हणावं, गाडीवर बसल्यावर फुडं बघायचं असतंय. न्हाई, असं म्हणू नगंस. हात मोडलाय बिचारीचा.

मामी म्हणती फराजला सांग, जेवत जा येळेवर.

गुंडू

*

पेठ वडगाव
सोमवार, २५ ऑगस्ट २०२५
दुपारी अडीच, जेवण झाल्यावर

आदरणीय मामा,

तुम्ही सांगितलेले सगळे करून पाहिले.

मागच्या गल्लीत एकांची म्हैस आहे. तिथे भिंगरीला नेले. ती म्हशीच्या पोटाला पाठ लावून झोपली, मला फार बरे वाटले. मग रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. भिंगरी झोपेतून उठली आणि दोरी ताणून उभी राहिली. म्हशीकडे वळूनही पाहिले नाही.

पाण्याचे काम अब्बांनी केले. दोनदा. आता ती बादलीला भिते. अम्मी फरशी पुसायला लागली की उठून बाहेर जाते. अब्बा दिसले की पायरीवरून उतरते. अम्मी तिला उंबऱ्याच्या आत घेत नाही, पण तव्यावरची पहिली भाकरी तिची असते. त्या भाकरीजवळ अब्बा उभे असले तर तीसुद्धा ती खात नाही. गाड्यांना मात्र ती अजिबात भीत नाही.

तेव्हा मी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेले. तिथे डॉ. प्रियदर्शनी म्हणून नवीन मॅडम आल्या आहेत. त्यांनी तिला तपासले, मग आम्ही फाटकाजवळ उभे राहून रस्त्यावरच्या गाड्यांकडे पाहिले. दोरी माझ्या हातात होती. मॅडम म्हणाल्या, "चिडलेलं कुत्रं असं दिसत नाही. हिचे कान बघ, शेपूट बघ. ही कामावर निघाली आहे. हे काम तिला कुणी लावलं ते शोध. आणि तोवर एकदाही पळू देऊ नको. जितक्या वेळा पळेल तितकं ते पक्कं होईल."

मग मी नीट आठवून पाहिले. भिंगरी पळते ती नेहमी डाव्या बाजूने, मागच्या चाकाच्या शेजारून. कधी पुढे जात नाही. गाडी थांबली की ती गाडीच्या पुढे येऊन बसते आणि चालवणाऱ्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघते. लोकांना वाटते ती अंगावर उडी मारणार. मग ते लाथ मारतात. ती लाथ चुकवते आणि पुन्हा खिशाकडे बघते.

मामा, खिशात काय असते?

फराज

*

कोल्हापूर
रविवार, गणपतीचे दिवस

पोरा,

आरं, डावं अंग आनि मागलं चाक हे आधी लिवलं असतंस तर पंधरा दिस वाचलं असतं. ती आमच्या चंद्री म्हशीची जागा हाय.

तू हितं तीन वर्सं ऱ्हायलास, पन दिवाळीला तुझं कामाचं दुकान बंद झालं की तू वडगावाला पळायचास. म्हणून तू पाडवा बघितला न्हाईस. त्या दिशी समद्या गवळ्यांच्या म्हशी सजवून रस्त्यावर आणत्यात. शिंगं रंगवायची, पाठीवर नक्षी काढायची. मग मालकानं सायलेन्सर काढलेली गाडी घ्यायची आनि म्हशीनं त्या गाडीमागं पळायचं. दोन्ही बाजूला ही गर्दी. माझं कान त्याच गाडीनं गेल्यात, आता ती आमचा पोरगा इजयसिंह चालवतो.

गेल्या पाडव्याआधी दोन म्हयनं इज्या चंद्रीला रोज पहाटं पळवायचा, तू झोपल्याला असायचास तवा. भिंगरी बी संगट जायाची. तिला कुणी शिकवलं न्हाय, आपसूक शिकली. गाडी थांबली की चंद्रीला गूळ आनि पेंड, आनि हिला खिशातला पेढा. इज्यानं फक्त पेढा दिला, बाकी काय केलं न्हाय. पाडव्याला तिच्या गळ्यात घुंगराचा पट्टा घातला. माणसं चंद्रीला सोडून हिच्याच नावानं शिट्ट्या मारत होती. पाडव्यानंतर बी आमच्या गल्लीत गाडीवाला दिसला आनि ती पळत आली की माणसं म्हणायची, भिंगरी सोडायला आली. थांबून तिचं डोकं खाजवायची. त्यात खोड कसली?

तवा आता काळजी मिटली. तिला परत पाठीव. पाडवा दीड म्हयन्यावर हाय, माणसं विचारत्यात कुत्री कुठाय. औंदा मंडळ बोर्डावर तिचा फोटो लावनार हाय. जोतिबाला सोडायची गरज न्हाय, तुझ्या अब्बांची बी कटकट गेली.

जोतीरामच्या टेम्पोत बशीव.

गुंडू

*

पेठ वडगाव
सोमवार, १ सप्टेंबर २०२५
संध्याकाळी पाच, जोतीराम बाहेर हॉर्न वाजवत आहे

आदरणीय मामा,

टेम्पोत भिंगरी नाही, हे पत्रच आहे.

हे तुम्ही मला मे महिन्यात सांगितले असते तर शालूबाईंचा हात मोडला नसता. हे वाक्य मी दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा लिहिले, कारण ते खरे आहे. तुम्ही मला पोटच्या मुलासारखे ठेवलेत, हेही खरे आहे.

मी तिला वाईट कुत्री समजत होतो. ती चार महिने मन लावून तिचे काम करत होती आणि प्रत्येक वेळी पेढ्याच्या ऐवजी लाथ खात होती. तरी पुढच्या गाडीला पुन्हा उठत होती. हे कळल्यापासून मला गादीचा टाका सरळ घालता येत नाही.

परत पाठवले तर अब्बा सुटतील, गल्ली सुटेल, तुमच्या बोर्डाला फोटो मिळेल. पण पाडव्याचा दिवस संपल्यावर काय? तुमच्या गल्लीत लोक थांबतात. गल्लीच्या बाहेर मोठ्या रस्त्यावर कोण थांबणार? मी तिला पाठवणार नाही.

एकच गोष्ट विचारायची आहे. चंद्रीसुद्धा त्याच गाडीमागे पळाली, तिलाही खाऊ मिळाला. मग चंद्री वर्षभर रस्त्यावरच्या गाड्यांमागे का पळत नाही?

फराज

*

कोल्हापूर
रविवार

फराज,

तुझं पत्र वाचून दोन दिस जेवलो न्हाय असं लिवणार होतो, पन जेवलो. मामी मात्र बोलंना झाली. मलाच न्हवं, इज्याला बी. इज्या रुसलाय, म्हणतो फराजनं मला नावं ठेवली. मी म्हणलं, नाव कुठं लिवलंय तुझं, पेढ्याचं लिवलंय.

तू इचारलंस त्यावर गोठ्यात बसून इचार केला. चंद्रीच्या नाकासमोरनं धा गाड्या जाऊंदेत, ढुंकून बघत न्हाय. कारन ती गाडीमागं जातच न्हाय. ती इज्याच्या हाळीमागं जाती. आमी नवी म्हस शिकवताना आधी गाडी दावत न्हाय. आधी हाळी. एकच हाळी, रोज तीच, आनि आली की लगीच तोंडात गूळ. पंधरा दिस फक्त येवढंच. मग गाडी बंद हुबी करायची. मग चालू करून हुबी करायची. मग पळवायची. हाळी बंद झाली की म्हस थांबती, गाडी चालू असली तरी बी.

भिंगरीला हाळी कुणी दिलीच न्हाय. इज्या चंद्रीला हाका मारायचा. हिच्या वाटनीला नुसता गाडीचा आवाज आनि पेढा आला. तिनं तेवढंच धरलं. चूक म्हणशील तर ही हाय, आनि ती माझ्या गोठ्यात झाली.

आता तू तिला हाळी दे, पन उलटी. गाडीकडं जायाची न्हवं, तुझ्याकडं यायची. तुझं कसं असंल मला ठावं हाय. "भिंगरी, असं करू नये, लोक काय म्हणतील," असं तिला सांगत बसत असशील. कीर्तन नगं. एक शबूद. रोज तोच. आनि आल्यावर पेढ्यापेक्षा भारी काय तरी दे.

मोठ्यानं मार हाळी. लाजू नगंस. हाळीला लाजला त्यो गवळी न्हवं.

गुंडू

*

पेठ वडगाव
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५
सकाळी पावणेसात, घरी सगळे अजून झोपलेले

आदरणीय मामा,

मधल्या सोमवारी पत्र दिले नाही, कारण सांगण्यासारखे काही घडलेले नव्हते. आता आहे, चांगले आणि वाईट दोन्ही.

शब्द मी "माघारी" हा ठरवला. पहिले काही दिवस गल्लीत तो माझ्या तोंडून निघेना. मग ओढ्याकडच्या शेतवाटेवर गेलो. तिथे ओरडलो तर उसातून एक बाई बाहेर आली आणि म्हणाली, "कुणाला बोलावतोस रं? माझं मालक तर कवाच माघारी गेलं." पण भिंगरी धावत आली. तिला उकडलेली कलेजी दिली. पेढा ती विसरली असे म्हणणार नाही, पण कलेजीसाठी ती कुठूनही येते.

मग शालूबाईंची स्कूटी. ती कल्पना त्यांचीच. हात गळ्यात बांधून त्या पायरीवर बसतात आणि हुकूम सोडतात; माझी बहीण नाजिया गाडी चालवते. शालूबाई मला म्हणाल्या, "तुझं माघारी ऐकून माझ्या अंगणवाडीतली पोरं पण माघारी यायला लागलीत. कुत्री तेवढी राहिली." आधी गाडी बंद, मग चालू पण उभी, मग लांबून हळू, तुम्ही लिहिले तसेच.

मध्ये माझी एक मोठी चूक झाली. मी ती पळायला लागल्यावर हाक मारत होतो. ती माघारी यायची, मी कलेजी द्यायचो. दोन-तीन दिवसांनी पाहिले तर ती गाडी आली की मुद्दाम चार पावले पळायची, थांबायची आणि माझ्याकडे वळून बघायची. तिला वाटले आता काम असे आहे. शालूबाई इतक्या हसल्या की त्यांचा हात दुखायला लागला. मी डॉक्टर मॅडमना जाऊन विचारले. त्या म्हणाल्या, "पाय हलायच्या आधी कान हलतात. कान उभे राहिले की तेव्हाच बोलाव." तेव्हापासून मी गाडीकडे बघतच नाही, फक्त तिच्या कानांकडे बघतो. आता स्कूटी जवळून गेली तरी ती आपणहून माझ्याकडे तोंड करते. साध्या मोटारसायकलीलाही.

वाईट ते असे. शुक्रवारी फोडलेल्या सायलेन्सरची एक बुलेट गल्लीतून गेली. कान उभे राहिले, मी बोलावले, पण तिने ऐकलेच नाही. दोरी माझ्या हातातून सुटली, तळहात सोलला. बुलेटवाला चौकात थांबला आणि भिंगरी त्याच्या खिशासमोर जाऊन बसली. त्याने काठी उचलली. मी मध्ये गेलो म्हणून ती काठी मला लागली. हे सगळे अब्बांनी पाहिले. रात्री त्यांनी अम्मीला विचारले की दसरा कोणत्या वारी आहे.

तो गुरुवारी आहे, दोन तारखेला.

साध्या गाड्यांवर शिकवून उपयोग नाही, मामा. तिच्या कानात विजयसिंहदादांच्या गाडीचा आवाज बसलेला आहे. तो आवाज असताना तिला माघारी यायला शिकवले पाहिजे, आणि तसा आवाज या गावात माझ्यासाठी कुणी रोज करणार नाही. दादा रुसले आहेत हे मला माहीत आहे. तरी विचारतो.

फराज

*

कोल्हापूर
बुधवार

फराज,

हे पत्र घिऊन इज्या स्वता आलाय, गाडीवर. सायलेन्सर पिशवीत हाय. दसऱ्यापातूर रोज म्हशीची धार काढून झाली की येतो म्हणालाय. मी काय बोललो न्हाय, मामी बोलली.

त्याला चा पाज. साखर जास्त लागती.

गुंडू

*

पेठ वडगाव
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५
दुपारी साडेतीन, दुकानात, गिऱ्हाईक नसताना

आदरणीय मामा व मामी,

दादांनी तुम्हाला सांगितले असेलच, पण ते दोन वाक्यांत सांगतात, म्हणून मी सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवशी दादा गाडीवरून उतरले आणि म्हणाले, "माझ्याबद्दल लई लिवलंस म्हणं." मी काही उत्तर द्यायच्या आत भिंगरीने त्यांना पाहिले. ती लहान पिल्लासारखी ओरडत त्यांच्या पायात लोळली. मग उठून त्यांच्यासमोर नीट बसली आणि खिशाकडे बघायला लागली. दादांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी सवयीने पेढा आणला होता. मी म्हटले, "दादा, नको." त्यांनी हात काढला आणि तोंड दुसरीकडे वळवले. मग म्हणाले, "मला वाटलं हौसंनं पळती. मला काय म्हाईत ती पोटाला राबती."

त्यानंतर त्यांनी जीव तोडून मदत केली. ओढ्यापलीकडे गाडी नुसती चालू करायची आणि मी अलीकडे कलेजी घेऊन. पहिल्या दिवशी ती थरथरत होती, खातही नव्हती. तेव्हा आणखी लांब गेलो. रोज थोडे थोडे जवळ. दादांनी एकदाही तिला नावाने हाक मारली नाही. त्यांना ते जड गेले, हे मला दिसत होते.

दसऱ्याच्या दुपारी गल्लीत बघायचे ठरले. अब्बांनीच सांगितले की आमच्या दारातून तीच गाडी जाऊ दे. गल्लीच्या तोंडाशी पोरांना थांबवायला कुणी हवे होते. नाजिया घरात नव्हती, म्हणून मी भिंगरीची दोरी अब्बांच्या हातात दिली आणि म्हटले, मी येईपर्यंत नुसती धरा. अब्बा पायरीवर बसले. भिंगरी त्यांच्यापासून दोरी पुरेल तितकी लांब जाऊन बसली, कारण ते अब्बा होते.

मी पोरांना आवरत होतो तेवढ्यात दादांची गाडी आली. त्यांना वाटले मी तयार आहे. तो आवाज गल्लीत आला की भिंती हलतात. मी वळून पाहिले तर भिंगरीचे कान उभे होते. मी ओरडलो, पण त्या आवाजात माझे मलाच ऐकू आले नाही. ती उठली. दोरी अब्बांच्या हातातून निसटली. ती डाव्या बाजूला, मागच्या चाकाकडे निघाली.

तेव्हा अब्बांनी हाळी मारली. "माघारी."

मामा, अब्बांनी आजवर तिला नावाने हाक मारलेली नाही. "ती कुत्री" असेच म्हणतात. माझे महिनाभराचे ओरडणे ते दुकानात बसून ऐकत होते, एवढेच. पण त्यांचा आवाज मोठा आहे, कापूस पिंजायच्या यंत्राशेजारी आयुष्य गेलेले. ती थांबली. आधी गाडीकडे पाहिले. मग अब्बांकडे पाहिले. गाडी पुढे गेली, चौकात जाऊन थांबली. भिंगरी वळून परत आली, पण पायरीपासून दोन हात अलीकडेच उभी राहिली. पुढे यायची तिची छाती होईना. तिला बादली आठवत असणार.

अब्बांच्या हातात काही नव्हते. कलेजी माझ्या खिशात होती. ते उठले, आत गेले आणि त्यांच्या चहाबरोबरची खारी घेऊन आले. पायरीवर बसून त्यांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. गाडी बंद झाली होती. सगळी गल्ली बघत उभी होती. भिंगरी मान लांब करून एक तुकडा घेऊन मागे सरकली. मग पुढे येऊन दुसरा घेतला. तिसरा खाताना ती त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली.

शालूबाई म्हणाल्या, "अल्लाउद्दीनभाई, आता मला पण एक खारी द्या. मी पण माघारी आलेय, दवाखान्यातनं."

रात्री जेवताना अब्बा मला एवढेच म्हणाले, "दोरी बदल. हातातनं सुटती." जोतिबाचा विषय निघाला नाही.

ती पूर्ण सुधारली असे मी म्हणणार नाही. काल एका बुलेटला ती उभी राहिली, माझ्याकडे बघायला तिला वेळ लागला. दोरी अजून वर्षभर तरी लागेल, असे मॅडम म्हणतात. पाडव्याला मी तिला आणणार नाही. मी एकटा येईन, यंदा पहिल्यांदाच, चंद्रीला बघायला. बोर्डावर भिंगरीचा फोटो लावायचा असेल तर लावा. तेवढ्याला माझी ना नाही.

दादांना पेट्रोलचे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. तरी मी ते धरले आहेत. हिशेब असा:

खर्च झाला: शालूबाईंचे प्लास्टर व औषधे ३,४०० रुपये, कलेजी ६८०, पट्टा व जुनी दोरी २६०, नवी दोरी १४०. एकूण ४,४८०.

देणे आहे: शालूबाईंच्या स्कूटीचा आरसा व रंग ६५०, विजयसिंहदादांचे पेट्रोल ८००. एकूण १,४५०.

अब्बांच्या खारीचे पैसे मी लिहीत होतो. त्यांनी वाचले आणि खोडायला लावले.

आपला
फराज